महाग डबी, स्वस्त डबी

पेसाहची साफसफाई जवळ आली की आमच्या घरी दरवर्षी एकच वाद होतो. सुपरमध्ये कोणती बाटली उचलायची, ८ शेकेलची की २५ शेकेलची? मुलगी म्हणते, "अब्बा, स्वस्तातलं घेऊ नका, दोनदा घासावं लागतं." आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "नाव विकत घ्यायचं की साबण?" आम्ही अश्दोदच्या एका शाळेत पुष्कळ वर्षे रसायनशास्त्र शिकविले, म्हणून निकालासाठी दोघी आमच्याकडे पाहतात. खरे सांगायचे तर एका वाक्यात निकाल देता येत नाही. कोठे महाग वस्तू खरोखर चांगली असते, कोठे ती स्वस्त वस्तूच असते, फक्त कपडे निराळे. हा फरक ओळखता यावा एवढ्यासाठी हा लेख. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा महिना बितुआह लेउमीच्या भत्त्यावर आणि लहानशा पेन्शनवर निघतो. त्यातून महिन्याला शंभर शेकेल वाचले तर तो थोडा पैसा नव्हे.

आधी आमच्याच मूर्खपणाची हकीकत सांगतो, म्हणजे मास्तर उंचावर उभे राहून बोलतात असे कोणाला वाटणार नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही कानयोनमध्ये चष्मा दुरुस्त करायला गेलो होतो. वाटेत एका छोट्या स्टॉलवर एक तरुण मुलगी उभी होती. "सबा, हात द्या," म्हणत तिने आमचा डावा हात धरला, त्यावर मीठ चोळले, धुतला, क्रीम लावले आणि उजव्या हाताशेजारी ठेवून दाखविला. डावा हात खरेच मऊ व उजळ दिसत होता. मृत समुद्राची खनिजे, ती म्हणाली. किंमत ४५० शेकेल, पण "फक्त तुमच्यासाठी" ३२०. लग्नाचा वाढदिवस आठवड्यावर आलेला. आम्ही पैसे मोजले. जन्मभर मुलांना "पुरावा कुठे आहे?" म्हणून विचारणारा माणूस दहा मिनिटांत गार झाला.

घरी सौभाग्यवतींनी डबी उघडली, वास घेतला, किंमत विचारली आणि किंमत ऐकून डबी पुन्हा बंद केली. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मीठ चोळून धुतला तर भांडी घासणारा हातसुद्धा मऊ लागेल." बरोबर तेच घडले होते. मिठाच्या कणांनी वरची मेलेली कातडी निघते, आणि मग कोणतेही तेलकट क्रीम लावा, हात चमकतो. तुलना मात्र न चोळलेल्या, न धुतलेल्या हाताशी केली होती. वर्गात कोणी असा प्रयोग करून आणला असता तर आम्ही शून्य गुण दिले असते.

मग आम्ही रीतसर प्रयोग केला. सुपरमधून १६ शेकेलचे साधे क्रीम आणले. नातीने दोन सारख्या बाटल्यांत दोन्ही क्रीमे भरली, एकीवर आलेफ आणि दुसरीवर बेत लिहिले, आणि कोणत्या बाटलीत काय हे स्वतःजवळ ठेवले. चार आठवडे आम्ही दोघे उजव्या हाताला आलेफ व डाव्या हाताला बेत लावीत होतो. महिन्याने नातीने विचारले, "कोणता हात चांगला?" आम्ही म्हणालो आलेफ, सौभाग्यवती म्हणाल्या बेत. आलेफमध्ये १६ शेकेलचे क्रीम होते. दोन म्हाताऱ्यांचा प्रयोग म्हणजे शास्त्र नव्हे, हे मान्य. शिवाय उजव्या हाताला काम जास्त पडते, ही चूक नंतर ध्यानात आली. आणि सौभाग्यवतींनी बेतला वासावरून ओळखले असावे असा आमचा अजून संशय आहे, कारण महाग क्रीमचा वास खरोखर सुंदर होता. ती काचेची डबीही सुंदर आहे. ती संपल्यावर धुऊन त्यांनी त्यात सुया-बटणे ठेवली आहेत.

आता यामागचे कारण पाहू. वय वाढते तशी त्वचेतली तेलाची निर्मिती कमी होते आणि पाणी लवकर उडून जाते. म्हणून खाज येते, विशेषतः हिवाळ्यात हीटर लावल्यावर. क्रीमचे मुख्य काम दोन प्रकारचे: पाणी धरून ठेवणे आणि ते उडू न देणे. पाणी धरून ठेवते ग्लिसरीन. उडू देत नाही ती पेट्रोलियम जेली, म्हणजे आपले व्हॅसलिन. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले, आणि आजही पाणी अडविण्यात तिच्या तोडीचे फार थोडे सापडते. दोन्ही पदार्थ अतिशय स्वस्त आहेत. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावले तर जास्त उपयोग होतो, आणि ही युक्ती फुकट आहे. भेगा पडलेल्या टाचांना युरिया असलेले क्रीम चांगले. तेही महाग नसते. मधुमेह असेल तर पायांच्या बोटांच्या बेचक्यांत क्रीम लावू नये, तेथे ओल राहून बुरशी धरते.

डबीवर "कोलॅजन" लिहिले की भाव चढतो. त्वचेचा वरचा थर साधारण ५०० डाल्टन वजनापर्यंतचे रेणू आत सोडतो. कोलॅजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा. शिवणाच्या सुईतून विहिरीचा दोर ओवण्यासारखे आहे. ते वरच बसते, थोडा ओलावा धरते आणि धुताना निघून जाते. सुरकुत्यांवर ज्याचा परिणाम चांगला तपासला गेला आहे तो पदार्थ म्हणजे जीवनसत्त्व 'अ' च्या कुळातला ट्रेटिनॉइन. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतो, आणि त्याची साधी नळी पुष्कळशा "चमत्कारी" डब्यांपेक्षा स्वस्त पडते. पण तो जळजळतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये.

मृत समुद्राविषयी आमच्या मनात अनादर नाही. त्या पाण्यात सुमारे ३४ टक्के क्षार आहेत, साध्या समुद्राच्या जवळजवळ दहापट, आणि त्यांत मॅग्नेशियम भरपूर. सोरायसिसचे रोगी ऐन बोकेकला जाऊन राहतात, तेथल्या पाण्याने आणि उन्हाने पुष्कळांना उतार पडतो. पण समुद्रात बसणे वेगळे आणि समुद्राचे नाव असलेली डबी वेगळी. त्या डबीत समुद्र किती आहे हे पाहायचे असेल तर भिंग घ्या आणि मागची बारीक अक्षरे वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे पहिले, ते सर्वांत जास्त. बहुधा ते पाणीच असते. एक टक्क्याखालचे घटक मात्र कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फेनॉक्सिएथॅनॉल हे टिकवण्यासाठी घालायचे द्रव्य युरोपच्या नियमाप्रमाणे एक टक्क्याहून अधिक घालता येत नाही. तेव्हा "मारिस सॅल", म्हणजे समुद्राचे मीठ, त्याच्या नंतर आले असेल तर ते एक टक्क्याच्या वर नाही असे समजावे. आमच्या ३२० शेकेलच्या डबीत ते नंतरच होते.

मग इतकी शहाणी माणसे का फसतात? २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोनदा पाजली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची जास्त आवडली, आणि मेंदूच्या तपासणीतही तो आनंद खरा दिसला. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते, त्यांना तसेच वाटत होते. तेव्हा महाग क्रीमने शेजारीण खरेच प्रसन्न दिसत असेल तर आपण वाद घालू नये.

काही ठिकाणी दोन पैसे जास्त देणे आम्हाला पटते. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकत असताना आमच्या सरांनी वर्गात खोबरेल आणि कॉस्टिक सोडा उकळून साबण करून दाखविला होता. तो साबण आणि आजची महाग सुवासिक वडी यांची जात एकच. दोन्हींचा पीएच ९ ते १०, तर त्वचेचा सुमारे ५. तरुण कातडीला हे सोसते, आपल्या वयाच्या कातडीला नाही. तिला "अल-सबोन" बरा. तो साबणापेक्षा महाग असतो, पण दुकानाच्या स्वतःच्या नावाचाही मिळतो आणि पुरतो. शक्यतो बिनवासाचा घ्यावा. कॉस्मेटिक्सनी पुरळ उठते तेव्हा सुवासिक द्रव्ये हे त्याचे फार नेहमीचे कारण असते, आणि पैसे देऊन पुरळ घ्यायची काही गरज नाही. उन्हाच्या क्रीमचेही असेच. ३० अंकाचे क्रीम जाळणारे किरण सुमारे ९७ टक्के अडविते, ५० चे सुमारे ९८. अंक पाहावा, वर्तुळातली "यूव्हीए" ही अक्षरे पाहावीत, किंमत पाहू नये. महागाचे म्हणून वाटाण्याएवढे लावण्यापेक्षा स्वस्ताचे भरपूर लावलेले चांगले.

केसांसाठी आम्ही आजही खोबरेलच वापरतो. आपले वाडवडील कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात, तेव्हा आमचा पक्षपात वाचकांनी समजून घ्यावा. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखविले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातले प्रथिन कमी जाते. सूर्यफुलाच्या तेलाने व खनिज तेलाने तसे होत नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही सांगितले पाहिजे.

आता स्वयंपाकघर. भांड्यांच्या साबणात मुलीचे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते. बाटलीवर "होमेर पाईल" किती टक्के ते पाहा. समजा एक लिटरची बाटली ८ शेकेलला आहे आणि तीत ८ टक्के आहे. दुसरी १२ शेकेलला, तीत १६ टक्के. पहिलीत साबणाचा ग्रॅम १० आगोरोतला पडतो, दुसरीत साडेसातला. म्हणजे स्वस्त बाटलीत आपण पाणी विकत घेतो. कपड्यांच्या पावडरीतही एन्झाइम असलेली पावडर रक्ताचे, अंड्याचे, आमटीचे डाग खरोखर जास्त काढते, तेही कोमट पाण्यात. हळदीच्या डागावर मात्र कोणाचेच फारसे चालत नाही. तो कपडा उन्हात वाळत घालावा, ऊनच रंग उडविते.

एकोनोमिकेत उलटे. तिचे काम करणारे द्रव्य सोडियम हायपोक्लोराइट, मग बाटली कोणाचीही असो. दाट जेल आणि लिंबाचा वास यांचे पैसे वेगळे. उलट बाल्कनीत उन्हात वर्षभर पडलेली महाग बाटली आजच्या स्वस्त बाटलीपेक्षा कमजोर, कारण उष्णतेने आणि प्रकाशाने ती उतरते. आणि येथे एक गोष्ट आम्ही मास्तरकीच्या आवाजात सांगणार: एकोनोमिकेत सिरका, मेलाह लिमोन किंवा आवनीत काढायचे कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये. क्लोरीन वायू निघतो. लहानशा शेरुतीममध्ये दार लावून घासणाऱ्या, दम्याच्या माणसाला तो जीवघेणा होऊ शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही मिसळू नये.

केटलीतल्या आवनीतसाठी महाग बाटली मुळीच घेऊ नका. लिटरभर पाण्यात दोन चमचे मेलाह लिमोन घालून उकळावे, अर्धा तास ठेवावे, ओतून दोनदा विसळावे. हे सायट्रिक आम्लच आहे, आणि आवनीत काढायच्या कित्येक बाटल्यांत तेच असते. फक्त शायिश संगमरवराचा असेल तर त्यावर सांडू देऊ नका. संगमरवर आणि आवनीत रसायनाने एकच, आम्ल दोघांनाही खाते. सोडा आणि सिरका एकत्र ओतून फेस पाहण्याची पद्धत सध्या फार आहे. फेस छान दिसतो, पण दोघे एकमेकांना मारून टाकतात, उरते खारट पाणी. वेगवेगळे वापरावेत.

सुपरमध्ये मिव्त्साच्या मोठ्या पाटीकडे पाहू नये. फळीवरच्या लहान चिठ्ठीवर १०० ग्रॅमचा किंवा १०० मिलिलिटरचा भाव असतो, तो पाहावा. दोन घेतल्यावर स्वस्त पडणारी वस्तू आपल्या दोघांच्या घरात संपते का, हाही हिशेब आहे.

साबण-क्रीमचाच न्याय गोळ्यांनाही लागू पडतो. आकामोल आणि डेक्सामोल दोन कंपन्यांच्या, पण आतले द्रव्य एकच, पॅरासिटामॉल. स्वस्त मिळेल ती घ्यावी. पण नावे वेगळी म्हणून दोन्ही एकदम घेऊ नयेत, डोस दुप्पट होतो आणि यकृताला इजा होते. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही तेच द्रव्य बहुधा असते. शंका आली तर कुपात होलिमच्या फार्मासिस्टला पाकिटे नेऊन दाखवावीत.

शेवटी घरात आहे ते तपासा. क्रीमच्या डबीवर उघड्या झाकणाचे लहान चित्र असते, त्यात १२ एम लिहिले असेल तर उघडल्यापासून बारा महिने. मागच्या आठवड्यात आमच्या कपाटाच्या वरच्या खणात २०१६ साली आणलेली एक बाटली सापडली, अर्धी भरलेली. महाग होती, म्हणून जपून वापरीत होतो.