क्रांती आणि तिची भावंडे

सणासुदीच्या जाहिराती वाचीत बसावे, तर पानोपानी क्रांती होऊन गेलेली आढळते. साबणात क्रांती, पंख्यात क्रांती, गादीतसुद्धा क्रांती! हा शब्द मूळचा कोठला, ते वाचकांनी घटकाभर पाहावे.

त्याचे माहेर संस्कृतातील ‘क्रम्’ धातूचे. अर्थ, पाऊल टाकणे. जुन्या ज्योतिषांची क्रांती आकाशात होई. विषुववृत्तापासून सूर्य उत्तरेस वा दक्षिणेस किती सरकला, त्या अंतराचे नाव क्रांती. सूर्याची वाट ते क्रांतिवृत्त आणि तो रास ओलांडतो ती संक्रांत. मौज अशी, की इंग्रजांचा ‘रेव्होल्यूशन’ही आकाशातूनच उतरला. कोपर्निकसच्या १५४३ च्या लॅटिन ग्रंथाच्या नावात त्याचे मूळ रूप आहे. पण त्यात फिरून येणे आहे. आपल्या शब्दात पाऊल आहे.

हा शब्द जमिनीवर आला तो माणसांच्या नावांना चिकटून. पनवेल तालुक्यातील शिरढोणला १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले आणि १८८३ मध्ये एडनच्या कैदेत वारले. त्यांना आपण आद्य क्रांतिकारक म्हणतो. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नाना पाटील क्रांतिसिंह झाले. मुंबईचे गवालिया टँक १९४२ च्या आठवणीने ऑगस्ट क्रांती मैदान झाले. पुढे शेतात हरितक्रांती आली.

त्याच पनवेल तालुक्यातले ओवे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी गावोगावच्या जमिनी घेतल्या गेल्या. ओवे गावच्या शेतांवर आज खारघरच्या इमारती उभ्या आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

दरम्यान प्रकल्पग्रस्त गावांत मुले मोठी झाली, सुना आल्या, घरे पुरेनात. लोकांनी गावठाणालगत गरजेपोटी घरे बांधली. सरकारी कागदाने त्यांना नाव दिले ‘अतिक्रमण’. हाही शब्द ‘क्रम्’ धातूचाच, क्रांतीचा सख्खा भाऊ! शेतात नगर आले, त्या पावलाला विकास म्हणतात. त्याच शेताच्या धन्याने अंगणापुढे टाकलेले पाऊल मात्र अतिक्रमण ठरते.

तेव्हा क्रांती हा शब्द कानी पडला, की एवढेच विचारावे: पाऊल कोणाचे, आणि त्याला नाव कोणी दिले?