भिंतीवर काय लावावे?

शाबान लागला की आमच्या कनेरगाव नाक्याला घरोघरी रंगाची बोलणी सुरू होतात. रमजानच्या आधी घर झाडून-पुसून रंगवायचे ही जुनीच रीत. त्यात यंदा कुणाच्या घरी लग्न ठरलेले असले तर विचारायलाच नको. रंग झाला, की कोऱ्या भिंतींकडे बघून बायका एकमेकींना विचारतात, 'आता इथे काय लावायचे?' मग हिंगोलीची किंवा वाशिमची एक फेरी होते आणि प्लास्टिकची फुले, सोनेरी चौकटीतले विजेवर चमकणारे घड्याळ, चिकटवायचा कागद आणि परदेशातल्या कुठल्याशा धबधब्याचे चित्र घरी येते. दोन पावसाळ्यांत कागद ओल धरून सुटतो, फुलांवर धूळ बसते ती धुऊनही जात नाही. पुढच्या शाबानला पुन्हा तीच फेरी.

आम्ही दोघी जावा एका घरात राहतो. हा खर्च आम्हाला जवळून माहीत आहे, कारण महिन्याचा हिशेब आम्हीच लिहितो. लग्नघरात तर छताला पीओपी, भिंतीला टेक्श्चर असे करत सोयाबीनचे पैसे येण्याआधीच उधारी होते. सजावट हवीच, सुंदर घरात मन लागते. पण ती आणायची कुठून, याचे उत्तर दुकानापेक्षा आपल्या आसपास अधिक आहे असे आम्हाला वाटते. आणि एक काळजीही आहे. नवे आणण्याच्या घाईत घरातले जे जुने बाहेर जात आहे, ते पुन्हा मिळणारे नाही.

जुन्या माळवदाच्या घरांची भिंत हात-दीड हात जाड असे. त्या भिंतीत कोनाडे असत. आमच्याकडे त्यांना ताक म्हणतात, शेजारी देवळी म्हणतात. एका ताकात जुजदानात गुंडाळलेला कुरआन, दुसऱ्यात चिमणी, तिसऱ्यात अत्तराची कुपी आणि सुरमेदाणी. वस्तू मोजक्या आणि प्रत्येकीला आपली जागा. दाराच्या उजेडात ताकाच्या कडेची सावली पडायची, तीच नक्षी. स्लॅबच्या घरात भिंत पातळ झाली, ताक गेले आणि सगळ्या वस्तू खिळ्यावर आल्या. नवे घर बांधणाऱ्या भगिनींना आमचे सांगणे आहे, की प्लास्टरच्या आधी मिस्त्रीशी बोला. नऊ इंची विटेच्या भिंतीत चार इंच खोल ताक सहज निघतो. तो विटा लावतानाच सोडायला सांगा, नंतर छिन्नीने भिंत फोडायला लावू नका.

त्या ताकांमध्ये आणखी एक वस्तू असायची, काळी कुळकुळीत आणि वर चांदीची वेल काढलेली. कुणाकडे पानदान, कुणाकडे उगालदान, कुणाकडे हुक्क्याचे बूड. हे बिदरीचे काम. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड आणि अलीकडे निजामाचा मुलूख अशी इथली जुनी वाटणी होती. १९५६ पर्यंत बीदर आणि आपला तेव्हाचा परभणी जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे लेकीच्या जहेजमध्ये बिदरीची एखादी वस्तू देणे या भागातल्या बऱ्या घरांत नवलाचे नव्हते. आज ही वस्तू काळी पडलेली दिसते म्हणून लोक तिला लोखंड समजतात आणि भंगारवाल्याच्या तराजूत टाकतात. आमच्या नात्यातल्या एका घरातून एक उगालदान असेच किलोच्या भावाने गेले. त्या पैशात आले काय, तर प्लास्टिकचा गुलदस्ता.

तराजूत टाकण्याआधी ती वस्तू कशी बनते एवढे तरी माहीत असावे. जस्ताचे सुमारे सोळा भाग आणि तांब्याचा एक अशा मिश्रधातूचे भांडे ओततात. ते घासून मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात, म्हणजे त्यावर कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते. कारागीर छिन्नीने वेल-फुले कोरतो आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतो. शेवटी भांडे तापवून बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या पाण्यात घालतात. ही माती कुठलीही चालत नाही. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची घेतात. तिच्यामुळे जस्त कायमचे काळे होते आणि चांदीला काही होत नाही. म्हणजे तो काळा रंग मळ नसून कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. म्हणून बिदरीला चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. मऊ फडक्याला थोडे खोबरेल लावून पुसावे, काळा रंग पुन्हा खोल दिसतो.

त्यावरची नक्षी एकदा निवांत बघा. पोस्ताचे फूल, द्राक्षाची वेल, नाण्यासारखी गोल अशरफीची बुटी. बहुतेक सारे बागेतले, नाहीतर भूमितीतले. यामागे आपल्या घरांचा एक जुना विचार आहे. कला आणि सजावट म्हटले की आपल्याकडे दोन टोके दिसतात. कुणी म्हणते, दीनदार घराच्या भिंती कोऱ्याच हव्यात. कुणी बाजारात मिळेल ते टांगते. हदीसमध्ये मात्र घराच्या सजावटीचे अगदी घरगुती प्रसंग आहेत.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत येणारा एक प्रसंग असा. पैगंबर मुहम्मद (स.) प्रवासाहून परतले तेव्हा हजरत आयशा (रजि.) यांनी घरातल्या कोनाड्यासारख्या जागेवर चित्रे असलेला पडदा लावला होता. तो पैगंबरांना आवडला नाही. तेव्हा हजरत आयशांनी त्या कापडाची एक-दोन उशांची खोळ केली. आम्हाला या प्रसंगात गृहिणीचा हात दिसतो. कापड फेकले गेले नाही, त्याची जागा आणि रूप बदलले. दुसऱ्या एका प्रसंगात घराच्या एका बाजूला लावलेला पडदा काढायला सांगितला गेला, कारण त्यावरची चित्रे नमाजमध्ये डोळ्यांपुढे येत होती. नक्षीची चादरही याच कारणाने परत पाठवून साधी मागवल्याचे वर्णन आहे. आणि चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितले, काढायचीच असतील तर झाडे काढ, ज्यांत जीव नाही त्या वस्तू काढ.

छायाचित्रांबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही शिरत नाही. घर लावणाऱ्या बाईला यातून दोन सोप्या गोष्टी मिळतात. नमाज पढताना तोंड ज्या भिंतीकडे होते ती मोकळी ठेवावी. आपल्याकडे ती पश्चिमेची. बाकीच्या भिंतींना झाड, पान, दगड आणि अक्षर यांचे सारे दालन उघडे आहे. दमास्कसच्या उमय्या मशिदीत आठव्या शतकाच्या सुरुवातीला कारागिरांनी काचेच्या बारीक तुकड्यांतून झाडे, नदी आणि वाडे उभे केले, त्यात माणूस किंवा प्राणी नाही, आणि तरी ते काम बघणारा थांबतोच.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो थंड होताना त्यात हवेचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजांचे पाणी झिरपले आणि तिथे गारगोट्या आणि स्फटिक तयार झाले. अंगठीत आपण हौसेने घालतो तो अकीक याच गारगोटीचा भाऊबंद आहे. विहीर खणताना निघालेल्या दगडांत कधी कधी आत पांढरी सुयांची नाहीतर मोत्यांची वाटावी अशी पोकळी सापडते. लोक तो दगड बांधावर टाकतात. सिन्नरला 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे, तिथे आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या दगडातून निघालेले असे स्फटिक काचेच्या कपाटात दिवे लावून ठेवले आहेत. मुलांना एकदा दाखवावे, मग ती बांधावरचा दगड पायाने लाथाडणार नाहीत.

असा एखादा दगड सापडला तर साध्या पाण्याने आणि जुन्या दातघाशीने हळू साफ करावा. आम्ल लावू नये, तेलही नको, तेलावर धूळ चिकटते. ताकात एकटाच ठेवावा, शेजारी काही नको. पैनगंगेच्या पात्रातले गुळगुळीत गोटे उथळ परातीत पाण्यात ठेवले की त्यांचे रंग उठतात. उन्हाळ्यात बैठकीत अशी परात फार छान दिसते. डास होऊ नयेत म्हणून पाणी रोज बदलावे. ओंजळभर गोटे घरासाठी पुरे, वाळूच्या ट्रॅक्टरांनी नदी तशीही उघडी पडली आहे.

शेतात काय कमी आहे? पांढरी फुटलेली चार-पाच बोंडे असलेली पऱ्हाटीची फांदी मातीच्या साध्या माठात उभी करा, दुकानातले कुठलेही फूल तिच्यापुढे उभे राहणार नाही. फक्त किडके, अर्धे मिटलेले बोंड घेऊ नका. त्यात गुलाबी बोंडअळी राहते आणि पुढच्या हंगामात शेतात परतते. ज्वारीची कणसे, बाभळीच्या शेंगा, कवठाची कवटी, वाळलेला दुध्या, हे सगळे आधी आठवडाभर कडक उन्हात वाळवावे. कणसाला सोंडे लागतात, म्हणून माठाच्या तळाशी कडुलिंबाचा सुका पाला टाकावा आणि दर वर्षी कणीस बदलावे. जुने पाखरांना घालावे. वसमतच्या हळदीने जुनी पांढरी ओढणी रंगवून खिडकीला लावता येते, रंग सुंदर येतो. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाच लावा.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. आपोआप गळालेले मोरपीस घरात ठेवायला हरकत नाही. पण हरणाची शिंगे, वन्यप्राण्याचे कातडे, नखे, साळिंदराचे काटे 'जुने आहे, आजोबांचे आहे' म्हणून कुणी देऊ लागले तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली असे प्रकरण अंगाशी येते. कोकणातून येणाऱ्या पाहुण्यांनाही समुद्रातले प्रवाळ आणायला सांगू नये, तेही याच कायद्यात येते. वाळलेले पान आणणे बरे.

अक्षरांची गोष्ट आमच्या जास्त जिव्हाळ्याची आहे. आयत लिहिलेली छापील चौकट प्रत्येक घरात असते, आणि बहुतेक घरांत तीच. त्यापेक्षा मुलांच्या हाती कलम द्या. नदीकाठच्या बोरूच्या काडीचा कलम करून आपल्या वडीलधाऱ्यांनी उर्दू गिरवले आणि शेजारच्या शाळेत त्याच बोरूने देवनागरी गिरवली गेली. टोक कापण्याची तऱ्हा तेवढी वेगळी. मदरशात जाणाऱ्या लेकीने जाड कागदावर काळ्या शाईने एकच शब्द लिहावा, 'रहमत' किंवा 'सब्र'. चौकोनी कूफी लिपी तर मुली वहीच्या चौकड्यांवर पेन्सिलीने सहज शिकतात. आणि मराठीत का नको? आपल्या घरी येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांना अरबी वाचता येत नाही. 'शांती' हा शब्द देवनागरीत, बोरूच्या जाड-बारीक रेघेत लिहून लावला, तर दारातून येणारा प्रत्येक जण तो वाचेल. अल्लाहचे नाव असलेला कागद मात्र पायदळी, दमट किंवा उडून पडेल अशा जागी नसावा.

साध्या साहित्यातून काय होते हे बघायचे असेल तर छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा बघावा. १६६० च्या सुमाराचे हे काम. लांबून सारे संगमरवर वाटते, पण भिंतीला जवळून हात लावा. संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. बाकी आपला काळा दगड आणि वर चुन्याचा गिलावा. त्याच गिलाव्यात फुले, वेली आणि जाळ्या उमटवल्या आहेत. तिथल्या एका वेलीची नक्षी कागदावर उतरवून घ्या. घरी आल्यावर पुठ्ठ्यावर कापून तिचा साचा करा आणि गेरूने दाराच्या चौकटीभोवती उठवा. खर्च गेरूचा तेवढा.

बीदरलाही जाणे अवघड नाही. आपल्या स्टेशनावरून पूर्णा, तिथून परभणी, पुढे लातूर रोड आणि उदगीरमार्गे बीदरला रेल्वे जाते. किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे चमकते तुकडे बसवलेले आहेत आणि गावात १४७२ चा महमूद गवान यांचा मदरसा आहे, त्याच्या भिंतीवर रंगीत फरशांचे आणि अक्षरांचे काम अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. जाताना घरातली चांदी निघालेली, चेपलेली बिदरी फडक्यात गुंडाळून सोबत न्यावी. गावात आजही हे काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडून दुरुस्तीची चौकशी करता येते. आमच्या सासूबाईंचे पानदान यंदा ईदनंतर न्यायचे ठरले आहे. झाकणावरची एक पाकळी निघाली आहे, ती त्यांनी तीस वर्षे बटव्यात जपून ठेवली.