उज्जैनची देवळे आणि नाईलकाठची देवळे

पुण्या-मुंबईहून उज्जैनला येणारे पाहुणे स्टेशनवर उतरल्या-उतरल्या दोन गोष्टी विचारतात. भस्मारतीचा पास मिळेल का, आणि रांग किती असेल? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण दर्शन करून परतताना त्यांच्याकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'देऊळ खूप प्राचीन आहे हो!' तिथे मी थोडा अडखळतो. समोर जी वास्तू उभी आहे ती अठराव्या शतकातली, म्हणजे शनिवारवाड्याच्या पिढीतली आहे. प्राचीन आहे ते स्थान, तिथली पूजा आणि नाव. या तीन गोष्टी वेगळ्या काढून पाहिल्याशिवाय उज्जैनचे कोणतेच देऊळ वाचता येत नाही. आणि त्या वेगळ्या कशा काढायच्या हे समजायला इजिप्तची देवळे फार उपयोगी पडतात.

इजिप्त इथे मुद्दाम ओढून आणलेले नाही. उज्जैनचा त्या देशाशी व्यवहार होता. पहिल्या शतकात इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठच्या बंदरांतून निघणाऱ्या जहाजांसाठी कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने एक मार्गदर्शिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती आपल्याला माहीत आहे. भडोचच्या पूर्वेला 'ओझेने' नावाचे, पूर्वी राजधानी असलेले शहर आहे आणि तिथून गोमेदासारखे खडे व मलमल बंदरावर येते, असे तो नोंदवतो. ओझेने म्हणजे उज्जयिनी. पुढच्या शतकात अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने इथल्या चष्टन राजाचेही नाव दिले आहे. उलट्या बाजूने पाहिले तर आपल्या वराहमिहिराच्या 'पंचसिद्धान्तिके'त यवनपूर, म्हणजे अलेक्झांड्रिया, आणि अवंती यांमधले अंतर वेळेत दिलेले आहे : ७ घटी २० पळे. एक घटी २४ मिनिटांची धरली तर २ तास ५६ मिनिटे. आजच्या रेखांशांवरून हिशेब केला तर ३ तास ३ मिनिटे येतात. सहाव्या शतकातल्या माणसाची सात मिनिटांची चूक! जंतरमंतरावर, म्हणजे आमच्या वेधशाळेत, विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे.

त्या व्यापारी बंदरांपैकी बेरेनिके इथे उत्खनन चालू आहे. तिथल्या सेरापिसच्या देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. इसिस देवीच्या देवळाच्या परिसरात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. परक्या देशात उतरलेला प्रवासी तिथल्या देवाच्या ओसरीवर आपला देवही ठेवून जातो, हे तेव्हाही होत होते.

आता देवळाकडे. इजिप्तचे मोठे देऊळ एका ठरलेल्या क्रमाने उलगडते. आधी दोन उतरत्या भिंतींचे प्रचंड महाद्वार, मग उघडे अंगण, मग खांबांचे दालन, आणि शेवटी लहानसा काळोखा गाभारा. कर्नाकच्या दालनात १३४ खांब आहेत. आत जावे तशी जमीन किंचित चढते, छत खाली येते आणि उजेड कमी होत जातो. सामान्य माणसाला अंगणाच्या पुढे प्रवेश नव्हता. पुजारी पहाटे गाभाऱ्याचे दार उघडी, देवाला उठवी, स्नान घाली, वस्त्रे नेसवी, सुगंधी तेल लावी, नैवेद्य दाखवी. हे वाचताना आपल्याला काकडआरती आठवली तर नवल नाही. मात्र साम्य दिसले की लगेच 'हे तिकडून इकडे आले' किंवा 'इकडून तिकडे गेले' असे म्हणायची आपल्याकडे घाई असते. तसा पुरावा नाही. देवाला राजा मानले की त्याची दिनचर्या राजासारखी होणार, एवढाच त्याचा अर्थ.

फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. कर्नाकला आज तिकीट काढून गेलेला प्रवासी थेट गाभाऱ्यापर्यंत चालत जातो, तिथे उभा राहून फोटो काढतो. फक्त पुजाऱ्याने आणि फॅरोने जायची जागा सर्वांना मोकळी झाली, कारण देव तिथे उरला नाही. महाकालाच्या गाभाऱ्यात मात्र अलीकडे सर्वसाधारण भाविकाला जाता येत नाही. बाहेरून दर्शन घ्यावे लागते, आणि त्याबद्दल लोक कुरकुरतात. दक्षिणाभिमुख ज्योतिर्लिंग तळाशी, त्यावर ओंकारेश्वर, सर्वांत वर नागचंद्रेश्वर, आणि ते वरचे देऊळ वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडते. जिवंत देवळात दारे बंदच जास्त असतात.

दारे बंद असली की देवालाच बाहेर यावे लागते. नाईलला पूर येण्याच्या दिवसांत कर्नाकहून आमोन देवाची मूर्ती झाकलेल्या नौकेत बसवून, पुजाऱ्यांच्या खांद्यांवरून लक्सोरच्या देवळाकडे निघे. हा ओपेतचा उत्सव. गाभाऱ्यात ज्याला जाता येत नसे तो माणूस या वाटेवर उभा राही, आणि लोक नौकेतल्या देवाला कौलही लावत. आमोनची पूजा संपून कितीतरी शतके लोटली. पण लक्सोरच्या देवळाच्या आत अबुल हज्जाज यांची मशीद आहे आणि त्यांच्या वार्षिक उत्सवात आजही गावातून नौका मिरवतात.

उज्जैनची सवारी तशीच. श्रावणात दर सोमवारी चंद्रमौलेश्वर पालखीत बसतात, दारात पोलीस सलामी देतात, पालखी रामघाटावर जाते, शिप्रेच्या पाण्याने अभिषेक होतो आणि परतताना ती गोपाळ मंदिरावरून येते. पण या सवारीत मराठी माणसासाठी एक खूण आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे इथल्या शेजाऱ्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि पंधरा दिवस आधी संपतो. महाकालाची सवारी मात्र उत्तरेच्या श्रावणाबरोबर सुरू होऊन मराठी श्रावणाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे इथल्या भाषेत भादव्याच्या अमावास्येपर्यंत, निघत राहते. २०२५ चे उदाहरण घ्या. हिंदी पंचांगाप्रमाणे श्रावणी सोमवार होते १४, २१, २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. मराठी पंचांगाप्रमाणे २८ जुलै, ४, ११ आणि १८ ऑगस्ट. सवारी निघाल्या सहा : १४ जुलै ते १८ ऑगस्ट. सर्वांत मोठी, थाटाची सवारी असते ती शेवटची, आणि त्या दिवशी हिंदी श्रावण केव्हाच सरलेला असतो. देवळातले मराठी पंचांग असे देवाच्या वेळापत्रकात जाऊन बसले आहे.

ते तिथे कसे गेले याचे उत्तर इतिहासात आहे. १२३४-३५ च्या सुमारास इल्तुतमिशच्या स्वारीत महाकालाचे जुने देऊळ उद्ध्वस्त झाले. पुढे अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला तेव्हा राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी आजचे देऊळ बांधवले. १८१० मध्ये ग्वाल्हेरला जाईपर्यंत शिंद्यांची राजधानी इथेच होती. हरसिद्धीच्या आवारात शिरताच ज्या दोन उंच दीपमाळा दिसतात त्या पाहून साताऱ्या-कोल्हापूरकडच्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते. गोपाळ मंदिर बांधले दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी. त्या कागलच्या घाटग्यांची लेक. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवरचा मंडपही त्यांचाच, १८२८ चा. वैकुंठ चतुर्दशीला मध्यरात्री महाकाल याच गोपाळ मंदिरात येतात. हराची बेलमाळ हरीला आणि हरीची तुळसमाळ हराला घातली जाते.

इथे पुन्हा इजिप्तकडे वळावेसे वाटते. प्रवाशांना सर्वांत अखंड दिसणारे, 'खरे प्राचीन' वाटणारे एद्फूचे देऊळ इ. स. पू. २३७ मध्ये सुरू होऊन ५७ मध्ये पूर्ण झाले. पिरॅमिड तेव्हा दोन हजार वर्षांहून जुने झाले होते. आणि ते बांधणारे टॉलेमी घराणे ग्रीक बोलणारे होते. सत्ता बाहेरून आली की ती जुन्या देवाचे देऊळ जुन्या पद्धतीने बांधते. त्यातून तिला त्या भूमीत मूळ धरता येते. मराठ्यांची तुलना इथे पुरी बसत नाही, कारण देव त्यांचाही होता. परके होते ते फक्त भाषेने. पण प्रवाशाची चूक दोन्हीकडे तीच : जीर्णोद्धाराला तो मूळ समजतो.

आणि भाषा दगडावर कशी उरते? महाकाल मंदिराच्या परिसरात परमार काळातला एक शिलालेख आहे. त्यात सापाच्या वेटोळ्यात वर्णमाला आणि विभक्तीचे, क्रियापदांचे प्रत्यय कोरले आहेत. याला सर्पबंध म्हणतात. असाच धारला आणि ऊन गावीही आहे. बाजूच्या श्लोकात उदयादित्य आणि नरवर्मा या राजांच्या तलवारीची स्तुती आहे, ती 'वर्णां'च्या रक्षणासाठी, आणि वर्ण या शब्दावर श्लेष साधला आहे : समाजाचे वर्ण आणि वर्णमालेतले वर्ण. व्याकरणाचा तक्ता देवळाच्या भिंतीवर! लेखक आणि भाषाशिक्षक यांनी उज्जैनला येऊन हा न पाहता परत जाऊ नये. रांगेतल्या शंभरांपैकी एखादासुद्धा तिकडे वळताना दिसत नाही.

इजिप्तच्या देवळांच्या भिंती तर लेखांनी भरलेल्याच आहेत. शेवटी शेवटी त्यांची एक गंमत झाली. वाचणारे कमी होत गेले तसतशी पुजाऱ्यांनी चिन्हे वाढवली. जुन्या काळी सात-आठशे चिन्हांत चालणारे लेखन टॉलेमींच्या काळात हजारोंच्या घरात गेले. एद्फूच्या भिंती या लिपीत आहेत. चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा लेख फिलीच्या देवळात २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरला गेला. तिथलीच डेमोटिक ही चालती लिपी ४५२ पर्यंत टिकली. त्यानंतर भिंती होत्या, अक्षरे होती, वाचणारा नव्हता. १८२२ मध्ये शाँपोल्यॉने ती पुन्हा उलगडेपर्यंत चौदाशे वर्षे प्रवासी त्या देवळांतून नुसते फिरत होते. नावेसुद्धा परक्यांची चिकटली : 'ऑबेलिस्क' हा ग्रीकांचा शब्द, अर्थ मांस भाजायची लहान सळई.

हे वाचले की मला इथला कारभार आठवतो. शिंदे-होळकरांची दफ्तरे मोडीत आहेत. देवळांच्या नेमणुका, पुजाऱ्यांच्या सनदा, दिवाबत्तीचे तेल, नगारखान्याचा खर्च हे सगळे त्या लिपीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून गेली आणि आज उज्जैनच्या मराठी घरांत ती वाचणारा माणूस शोधून काढावा लागतो. मोडी अजून मेलेली नाही, शिकायला दोन-तीन महिने पुरतात. शाँपोल्यॉसारखे आयुष्य घालवावे लागत नाही. शब्द मात्र आधीच बदलले. आमच्या मुलांच्या तोंडी गाभाऱ्याचे गर्भगृह आणि दीपमाळेचा दीपस्तंभ झाला आहे. 'ओवरी' म्हटले तर ती विचारतात, म्हणजे काय?

आमच्या घरी अजून श्रावणी सोमवार शेजाऱ्यांच्या नंतर लागतो. आई भिंतीवरचे कालनिर्णय पाहते. सूनबाई इंदूरच्या हिंदी शाळेत शिकलेली. पहिल्या वर्षी तिने कॉलनीतल्या मैत्रिणींबरोबर उपास सुरू केला आणि आईने आपला श्रावण लागल्यावर. दोघींचे मिळून सहा सोमवार झाले. सवारीइतकेच.