फॅट डेअरीला, चहा लेकराला

जळगाव-धुळ्याकडच्या गावात सकाळी डेअरीवर गेलं की एकच चौकशी कानावर येते, ‘आज फॅट किती लागली?’ म्हशीच्या दुधाचा दर ६ फॅट आणि ९ एसएनएफवर (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन घटकांवर) बांधलेला, गाईचा साडेतीन आणि साडेआठवर. मुलूख कापसाचा, त्यामुळे सरकी ढेप हाताशी असते आणि ती खाल्लेल्या म्हशीच्या दुधाला फॅट चढते, हा इथला जुना अनुभव. फॅटला पैसा आहे, म्हणून दूध डेअरीला जातं. अनेक घरांत चहापुरतंच मागे राहतं, आणि त्या चहात टोस्ट बुडवून खाऊन लेकरू शाळेला निघतं.

शहरातल्या घरांत याच फॅटची धास्ती आहे. आजोबांची बायपास झालेली, वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं. मग टोन्ड दुधाची पिशवी येते आणि दीड वर्षाच्या नातीच्या वाटीतही तेच दूध पडतं. खरं तर टोन्ड दूध हृदयासाठी निघालेलंच नाही. १९४६ मध्ये मुंबईत दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात पाणी आणि स्किम दुधाची भुकटी मिसळून ते आणलं. दुधाची टंचाई असलेल्या शहरात स्वस्त दूध जास्त लोकांना मिळावं, हा त्यामागचा हेतू.

धास्ती मात्र निराधार नाही. दुधातल्या स्निग्धांशाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग संपृक्त असतो आणि संपृक्त स्निग्ध पदार्थ रक्तातलं एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, वाढवतात. अमेरिकेतल्या बोगालुसा इथे १९७० च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं, की रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर चरबीचे पट्टे बालपणीच उमटू लागतात.

मग मुलांच्या दुधावरची साय काढावी का? ऑस्ट्रेलियात ४ ते ६ वर्षांच्या ४९ निरोगी मुलांना तीन महिने, काहींना पूर्ण स्निग्धांशाचं आणि काहींना कमी स्निग्धांशाचं दूध-दही दिलं गेलं. वजन, रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या, कशातही ठळक फरक पडला नाही. टोरंटोच्या संशोधकांनी २०२० मध्ये २८ अभ्यास तपासले. त्यातल्या १४ अभ्यासांतल्या सुमारे २१ हजार मुलांच्या माहितीत पूर्ण दूध पिणाऱ्यांमध्ये वजन जादा असण्याची शक्यता ३९ टक्के कमी आढळली. पण ही केवळ निरीक्षणं आहेत. बारीक मुलालाच आई घट्ट दूध देते, हेही त्यामागचं कारण असू शकतं. साय वजन उतरवते असा अर्थ कुणी काढू नये.

स्वीडनमधला एक प्रयोग मला यापेक्षा बोलका वाटतो. लठ्ठपणाकडे झुकलेल्या ५७ प्रौढांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाची चरबी दिली, एका गटाला मलईतून आणि दुसऱ्याला तुपासारख्या शुद्ध बटर ऑइलमधून. तूपवाल्यांचं एलडीएल वाढलं, मलईवाल्यांचं नाही. मलईत चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांभोवतीचं नाजूक आवरण शाबूत असतं. तूप कढवताना ते जातं. बट्टीवर ओतलेलं तूप आणि पेल्यातलं दूध यांचा हिशेब म्हणूनच वेगळा मांडावा लागतो.

फिनलंडच्या तुर्कू शहरात १९९० पासून हजारावर बाळांपैकी निम्म्यांच्या आहारातली संपृक्त चरबी कमी केली गेली. एलडीएल उतरलं आणि वाढही खुंटली नाही. पण तिथे आहारतज्ज्ञ सतत पाठीशी होते आणि दुधातल्या चरबीची जागा वनस्पती तेलाने भरून काढली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या बाळाला हा धडा जसाच्या तसा लावता येत नाही.

आपल्या मुलांची गोष्ट पुण्याजवळच्या सहा खेड्यांत उलगडली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिथल्या गरोदर बायांचा आणि बाळांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून. पोटात असताना काटकसर शिकलेलं हे शरीर पुढे भराभर वजन वाढलं की मधुमेह आणि हृदयविकाराकडे लवकर झुकतं. त्याच अभ्यासात दूध, पालेभाजी आणि फळं वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं अंगाने मोठी निघाली. आपल्या मुलांच्या हृदयाची काळजी आईच्या ताटापासून सुरू होते, असं मी यावरून मानतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं कमी वजनाची निघाली आणि सुमारे ४ टक्के जादा वजनाची. या दोघांना एकच सल्ला देणं चूक आहे. ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० कॅलरी लागतात; त्यातला दहावा भाग, म्हणजे १५ ग्रॅम, ही संपृक्त चरबीची मर्यादा धरू. फुल क्रीम दुधाच्या २०० मि.ली. पेल्यात ती सुमारे ८ ग्रॅम येते. एक पेला खुशाल बसतो, दोन पेल्यांत मर्यादा संपते.

तेव्हा दोन वर्षांपर्यंत दुधातली चरबी कमी करू नका. बाळाची वाढ आणि मेंदू यांना ती हवी असते. अशक्त मुलाला त्यानंतरही पूर्ण दूधच द्या. वजन वाढलेल्या मुलाच्या पेल्याला हात लावण्याआधी वेफर, शेव, क्रीमची बिस्किटं आणि वनस्पती तूप कमी करा. घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, तर मुलाचं कोलेस्टेरॉल डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि दुभतं जनावर दारात असेल, तर कॅन डेअरीला जाण्याआधी लेकरांचा आणि घरातल्या गरोदर सुनेचा पेला बाजूला काढून ठेवा.