हौसेची होडी आणि बिनतारी यंत्र

नारळी पौर्णिमा उलटली व पर्जन्याचा जोर ओसरला कीं कोळी बांधवांच्या होड्या समुद्रांत लोटल्या जातात. त्यांच्या पाठोपाठ मुंबई बंदरांत आणि मांडव्याच्या बाजूस आणखी एक वर्ग पाण्यावर दिसूं लागतो; तो म्हणजे केवळ हौसेखातर लहानशी होडी बाळगणारा सुशिक्षित गृहस्थ. हा छंद स्तुत्य खराच. परंतु ज्या होडींत घरांतील बायकामुलें बसावयाचीं, तिच्यावर शीड, वल्हीं व लाइफ जॅकेटें यांच्या जोडीला मदतीची हांक मारण्याचें साधनहि असलेंच पाहिजे. तें कसें निवडावें, याचा येथें थोडा विचार करूं.

“खिशांत मोबाइल असतां निराळा खर्च कशाला?” असें घरांतील वडील मंडळी विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. परंतु मोबाइल एकाशीं बोलतो. व्हीएचएफ नांवाचें सागरी बिनतारी यंत्र टप्प्यांतील सर्वांशीं बोलतें. जवळून जाणाऱ्या जहाजाचा मोबाइल क्रमांक आपणांस ठाऊक नसतो. पण १६ व्या चॅनेलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, जहाजें कान देऊन असतात. शिवाय किनारा दुरावला कीं मोबाइल मुका होतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक अवश्य पाठ असावा; पण सारी भिस्त त्यावर ठेवूं नये.

या यंत्रांचे प्रकार दोन. हातांत धरावयाचें यंत्र साधारणतः ५-६ वॅटचें, तर होडींत पक्कें बसविलेलें २५ वॅटचें असतें. ग्राहक वॅटच्या आंकड्यास भुलतो. वस्तुतः टप्पा मुख्यतः ठरतो तो अँटेनाच्या उंचीवर. कारण या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. हिशेब सोपा आहे: अँटेनाच्या उंचीचें मीटरांतील वर्गमूळ काढून त्यास ४ नें गुणावें, तितके किलोमीटर तिचें क्षितिज. दोन्ही बाजूंच्या क्षितिजांची बेरीज केली कीं टप्पा निघतो. बसल्या माणसाच्या हातीं यंत्र १ मीटर उंचीवर असतें. तेव्हां अशा दोन होड्यांमध्यें ८ किलोमीटरच संभाषण होईल. तेंच अँटेना ९ मीटर उंच डोलकाठीच्या टोकाशीं असल्यास २४ किलोमीटर. किनाऱ्यावरील अँटेना १०० मीटर उंच असेल, तर एकट्या तिच्याच बाजूचे ४० किलोमीटर होतात. इतक्या दूर पोंचावयाचें असल्यास मात्र जादा वॅट उपयोगी पडतात.

यावरून निवड सुचते. बॅटरी नसलेल्या, किनाऱ्यालगत फिरणाऱ्या होडीस हातांतील यंत्र पुरें. डोलकाठी व बॅटरी असेल तर पक्कें यंत्र घ्यावें, आणि त्याबरोबर हातांतील एक जवळ असूं द्यावें. कारण डोलकाठी मोडली कीं अँटेना गेली, आणि पाणी शिरलें कीं बॅटरी गेली.

घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, यंत्रावर ‘आयपीएक्स ७’ ही खूण हवी. तिचा अर्थ एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहूनहि यंत्र बिघडत नाहीं. दुसरी, हातांतील यंत्र पाण्यावर तरंगणारें असावें. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, जीपीएससह डीएससीची सोय. झांकण उघडून लाल बटण कांहीं सेकंद दाबून धरलें कीं होडीचा नऊ आंकडी क्रमांक व तिचें स्थान ७० व्या चॅनेलवरून आपोआप जातें. भारतीय नौकांचे हे क्रमांक ४१९ नें सुरू होतात. हा क्रमांक मिळवून यंत्रांत भरला नाहीं, तर तें बटण केवळ शोभेचें ठरेल. बिनतारी यंत्र बाळगण्यास सरकारी परवाना लागतो, हेंहि खरेदीपूर्वींच ध्यानीं धरावें.

आतां सर्वांत कठीण प्रसंग कल्पून पाहा. सुकाणू धरणारा गृहस्थच पाण्यांत पडला आहे आणि होडींत उरलीं आहेत त्याची पत्नी व दहा वर्षांची मुलगी. त्या घटकेला यंत्र त्यांनाच चालवावें लागणार. म्हणून ज्याचीं बटणें मोठीं व ठळक, आणि ओल्या हातांनींहि दाबतां येतील, असेंच यंत्र पसंत करावें. दुकानांत जातांना त्या दोघींस बरोबर न्यावें.

यंत्राशेजारीं देवनागरींत एक चिठ्ठी डकवावी: यंत्र १६ वर आणा, बटण दाबून ‘मेडे’ हा शब्द तीनदां उच्चारा, मग होडीचें नांव, ठिकाण, काय घडलें व माणसें किती तें सांगा, शेवटीं ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडा. हें सोडणें फार महत्त्वाचें. बटण दाबलेलें असेपर्यंत आलेलें उत्तर ऐकूं येत नाहीं. ही चिठ्ठी किनाऱ्यावर यंत्र बंद ठेवून मुलांकडून पाढ्यांप्रमाणें घोकून घ्यावी. पाठ झाल्याखेरीज होडी लोटूं नये.