ट्रॉलीबस गेली... दाखवायलाही उरली नाही!

दिल्लीला गेलेलं मराठी कुटुंब सरोजिनी नगरच्या बाजारात चक्कर मारल्याशिवाय सहसा परतत नाही. कुर्ते, स्वेटर, पोरांच्या जीन्स... घासाघीस करून घेतलेल्या कपड्यांनी पिशव्या भरल्या की दिल्लीवारी सार्थकी लागली! याच सरोजिनी नगरात दिल्ली परिवहन महामंडळाचं, म्हणजे डीटीसीचं बस आगार आहे. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे आगार ‘सखी डेपो’ झालं. ड्रायव्हर-कंडक्टरपासून सगळा कारभार महिलांच्या हाती असलेलं दिल्लीतलं हे पहिलंच आगार. तिथून काही किलोमीटरवर, चाणक्यपुरीत, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. वाफेची जुनी इंजिनं, संस्थानिकांचे शाही डबे आणि बच्चेकंपनीसाठी छोटी गाडी असलेलं हे ठिकाण सहलीसाठी झकास!

पण हे सगळं पाहून बाहेर पडलेल्या एखाद्या चौकस मुलानं विचारलं, ‘रेल्वे पाहिली, आता रस्त्यावरची ट्रॉलीबस कुठे बघायची?’ तर? आई-वडलांची पंचाईत होणार. कारण तारांवर चालणारी ही बस दिल्लीत १९३०च्या दशकात आली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला गेली. तिच्याच जोडीची दिल्लीची ट्राम १९६३ मध्ये थांबली. मुंबईतही ट्रॉलीबस धावली आणि बंद पडली. आज मुंबईच्या त्या ट्रॉलीबसपैकी एकही गाडी कुठल्या संग्रहालयात जाऊन पाहता येत नाही.

डोक्यावर दोन दांडे

ट्रॉलीबस म्हणजे बस आणि ट्राम यांच्या मधला प्रकार. चाकं रबराच्या टायरची, रूळ नाहीत, स्टिअरिंग बससारखं. पण पोटात डिझेलचं इंजिन नाही. रस्त्यावर खांबांच्या आधारानं दोन तारा ताणलेल्या असतात. बसच्या टपावरचे दोन लांब दांडे स्प्रिंगच्या जोरावर या तारांना खालून टेकतात आणि वीज गाडीच्या मोटरला मिळते.

ट्रामला वरून एकच तार पुरते, मग ट्रॉलीबसला दोन कशाला? उत्तर सोपं आहे. विजेला परतीची वाट लागते. ट्रामची वीज लोखंडी चाकांतून रुळांत उतरते आणि परत जाते. ट्रॉलीबसचे टायर रबराचे, त्यातून वीज जात नाही. म्हणून एक तार येण्यासाठी, दुसरी जाण्यासाठी.

दांडे तारेभोवती फिरू शकत असल्यामुळे ही बस दोन्ही बाजूंना काही मीटर सरकू शकते. रस्त्यात बैलगाडी उभी असली तर तिला वळसा घालून पुढे जाणं ट्रामला जमत नसे, ट्रॉलीबसला जमे. मात्र वळणावर वेग जास्त झाला की दांडा तारेवरून निसटे. गाडी जागच्या जागी गप्प! मग कर्मचाऱ्यानं खाली उतरायचं आणि लांब काठीनं किंवा दोरानं दांडा पुन्हा तारेला लावून द्यायचा. जगात जिथे जिथे ट्रॉलीबस धावली, तिथल्या लोकांना हे दृश्य ओळखीचं आहे.

या गाडीची कल्पना तशी जुनी. जर्मनीत वेर्नर फॉन सीमेन्स यांनी २९ एप्रिल १८८२ रोजी बर्लिनजवळच्या हालेन्झे इथे तारेवरच्या विजेवर चालणारी घोड्याविना गाडी लोकांना दाखवली. जगातली पहिली ट्रॉलीबस ती हीच. पुढे इंग्लंडमध्ये ट्रॉलीबस इतक्या आवाजाविना येत की तिथल्या लोकांनी तिला ‘गुपचूप येणारा मृत्यू’ असं भयंकर नाव ठेवलं. आता गंमत पाहा. बॅटरीवरच्या आजच्या गाड्यांबद्दलही हीच तक्रार झाली आणि युरोपात २०१९पासून नव्या प्रकारच्या विजेरी गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारं यंत्र बसवणं सक्तीचं झालं!

गवालिया टँक ते माझगाव

मुंबईला सार्वजनिक वाहनांचं भारी कौतुक. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम आली, ७ मे १९०७ रोजी विजेची. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटरबस सुटली. १९३७ मध्ये दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, सगळा कारभार महापालिकेच्या ताब्यात येऊन ‘बेस्ट’ उपक्रम मुंबईकरांचा झाला.

या बेस्टनं ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू केली. ट्रामचे दिवस तेव्हा भरत आले होते. मोटारी वाढल्या होत्या आणि रस्त्याच्या मधोमध धावणारी ट्राम सगळ्यांना अडचण वाटू लागली होती. बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री धावली. तिला निरोप द्यायला मुंबई लोटली होती. विजेवर चालणारी, धूर न सोडणारी, पण रूळ न लागणारी ट्रॉलीबस ही ट्रामची जागा घेईल अशी आशा तेव्हा कुणी धरली असेल तर त्यात नवल नव्हतं.

पण तसं घडायचं नव्हतं. चालवण्याचा खर्च आणि गाड्यांची झीज यांचा मेळ बसेना. तारांची देखभाल वेगळी, खांब वेगळे. मार्ग बदलायचा तर आधी तारा बदला. डिझेलची बस मात्र म्हणाल त्या रस्त्यानं जायला तयार! अखेर २४ मार्च १९७१ रोजी मुंबईची ट्रॉलीबस बंद झाली. सगळं मिळून पावणेनऊ वर्षांचं आयुष्य. त्यानंतर अडीच वर्षांत, १९७३च्या अखेरीस, जगात तेलाचं संकट आलं आणि काही महिन्यांत खनिज तेलाचे भाव चौपट झाले. तोवर मुंबईच्या तारा उतरल्या होत्या.

ज्या वर्षी बस गेली...

१९७१ हे साल इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मार्चमध्ये मुंबईत ट्रॉलीबस बंद झाली आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला दिल्लीत राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते रेल्वे संग्रहालयाची पायाभरणी झाली. १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. एकाच देशात, एकाच वर्षी रेल्वेची जुनी इंजिनं जपायची तयारी सुरू होती आणि रस्त्यावरची विजेची बस मोडीत निघत होती!

रेल्वेच्या वाट्याला हे भाग्य का आलं? त्यामागे मायकेल सॅटो या इंग्रज रेल्वेवेड्याचा मोठा हात आहे. पतियाळा संस्थानात १९०७ पासून एकाच रुळावर चालणारी एक विलक्षण गाडी होती. तोल सांभाळायला तिचं दुसरं चाक साध्या रस्त्यावरून चाले. १९२७ मध्ये ती बंद पडली आणि तिचे अवशेष बांधकाम खात्याच्या आवारात गंजत राहिले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅटो यांच्या दृष्टीस ते पडले. पुढे अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात एक इंजिन दुरुस्त झालं आणि चाणक्यपुरीत दाखल झालं. सुमारे पस्तीस वर्षं ते इंजिन वाचलं, ते कुणी जपलं म्हणून नव्हे. भंगारात घालायलाही कुणाला आठवलं नाही म्हणून! मग ओळखणारा माणूस भेटला आणि नशीब पालटलं.

मुंबईच्या ट्रॉलीबसला असा कोपरा मिळाला नाही. शहरात जागेला सोन्याचा भाव. आगारात उभी राहणारी प्रत्येक निकामी गाडी चालत्या गाडीची जागा अडवते. शिवाय ट्रॉलीबसच्या मोटरीत आणि वायरींत तांबं असतं. भंगारवाल्याला ती डिझेलच्या बसपेक्षाही प्यारी. आणि समजा एखादी ठेवली असती, तरी तारांशिवाय ती चालवून कशी दाखवणार? डिझेलची जुनी बस टाकी भरली की एखादी फेरी मारू शकते. ट्रॉलीबसला खांब, तारा आणि डीसी वीज हा सारा संसार मांडून द्यावा लागतो.

हौशी मंडळींनी वाचवलं

हा संसार मांडता येतो, हे ब्रिटननं दाखवून दिलं. एके काळी लंडनमध्ये १,८०० हून अधिक ट्रॉलीबस धावत. ८ मे १९६२ रोजी तिथली शेवटची ट्रॉलीबस आगारात परतली. म्हणजे लंडननं ज्या वाहनाला निरोप दिला, तेच वाहन मुंबईनं महिनाभरात वाजतगाजत आणलं! त्या अखेरच्या दिवशी लंडनची १९३१ सालची पहिल्या क्रमांकाची ट्रॉलीबस पुन्हा रस्त्यावर काढली होती. ती आजही जपलेली आहे.

ब्रिटनमध्ये सर्वांत शेवटी, २६ मार्च १९७२ रोजी, ब्रॅडफर्ड शहरातली ट्रॉलीबस बंद झाली. ८४४ क्रमांकाची ती अखेरची गाडी आता लिंकनशायरमधल्या सँडटॉफ्टच्या ट्रॉलीबस संग्रहालयात आहे. हे संग्रहालय एका जुन्या लष्करी विमानतळाच्या जागेवर १९६९ पासून उभं राहिलं. हौशी मंडळींनी वर्गणी काढली, सुट्टीच्या दिवशी हातात पाने-पकडी घेतल्या, बंद होणाऱ्या शहरांतून गाड्या आणल्या, खांब रोवले, तारा ताणल्या. आज तिथे जाणाऱ्याला जुन्या ट्रॉलीबसमध्ये बसून फेरी मारता येते.

या मंडळींनी केलेली एक गोष्ट फार मोलाची ठरली. गाड्या बंद व्हायची वाट न पाहता त्यांनी आधीच संस्था काढल्या. रेडिंग शहरातली अशी संस्था १९६१ मध्येच स्थापन झाली होती. शेवटची फेरी होईल तेव्हा कोणती गाडी मागायची, ती ओढून कशी न्यायची, ठेवायची कुठे, याचा विचार करायला हाताशी वेळ होता.

पंधरा आणि पन्नास

आपल्याकडे हौस नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दिल्लीत ‘स्टेट्समन’ची जुन्या मोटारींची रॅली १९६४ पासूनची. महाराजांच्या रोल्स-रॉइस, लाडानं पॉलिश केलेल्या ऑस्टिन पाहायला आजही गर्दी लोटते. दिल्लीपासून जवळ हरियाणात तावडू इथे २०१३ मध्ये खासगी प्रयत्नातून हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उभं राहिलं. मुंबईत बेस्टनं आणिक आगारात स्वतःचं संग्रहालय मांडलं आहे. ट्रामच्या-बसच्या छोट्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकीटयंत्रं तिथे आहेत. पण खरीखुरी मोठी गाडी ठेवायची म्हटलं की अडतं. मुंबईकरांना ट्राम दिसावी म्हणून २०२०च्या सुमारास भाटिया बागेत जुनी ट्राम आणून उभी करण्यात आली, तीही कोलकात्याहून. ज्या शहरात नव्वद वर्षं ट्राम धावली, त्याला ट्राम दुसऱ्या शहराकडून आणावी लागली!

राजाची मोटार उरते आणि रयतेची बस मोडीत निघते, याला कायद्याचीही साथ आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. परिवहन महामंडळांच्या बसही त्यात आल्या. प्रदूषणाचा विचार केला तर हे योग्यच. दुसरीकडे, जुलै २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. पंधराव्या वर्षी मोडायची आणि पन्नासाव्या वर्षी गौरवायची... मधली पस्तीस वर्षं त्या बसनं काढायची कुठे? पतियाळाच्या इंजिनाला बांधकाम खात्याचं आवार मिळालं. प्रत्येकीला ते कुठून मिळणार?

हा प्रश्न आज तातडीचा आहे. १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत डिझेलवरची जुनी दुमजली बस शेवटची धावली. निदान एक-दोन गाड्या तरी जतन करा, अशी मागणी प्रवाशांनी केली होती. दिल्लीतही हाच मोसम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८च्या आदेशानंतर दिल्लीची सगळी बससेवा डिझेलवरून सीएनजीवर आली. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या आगेमागे आलेल्या लाल-हिरव्या लो-फ्लोअर सीएनजी बस आता वयोमर्यादेला पोचून निघू लागल्या आहेत. त्यांची जागा विजेच्या बस घेत आहेत. दिल्लीची हवा सुधारण्याच्या मोठ्या प्रयोगात या गाड्या सामील होत्या. त्यातली एक गाडी, तिची कागदपत्रं, तिच्या देखभालीची पुस्तकं आणि ती चालवलेल्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या आठवणी आता ठेवल्या तर राहतील. वीस वर्षांनी शोधायला गेलं तर ट्रॉलीबसचीच गत व्हायची.

आणि उपयोग काय, असं कुणी विचारलं तर प्रागचं उदाहरण आहे. त्या शहरानं १९७२ मध्ये बंद केलेली ट्रॉलीबस २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली, पण नव्या रूपात. तारेखाली धावताना बॅटरी भरून घ्यायची आणि जिथे तार नाही तिथे बॅटरीवर चालायचं. मोडीत काढलेली कल्पना पंचेचाळीस वर्षांनी उपयोगी पडली. मुंबईत २०२३ पासून विजेवरच्या दुमजली बस धावतात. त्यांच्याकडे पाहून मुलांना ‘केवढी नवी गोष्ट!’ असं वाटतं. याच शहरात १९६२ मध्ये विजेची बस धावत होती, हे सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही. आणि पटवून द्यायला बोट दाखवावं, अशी एकही गाडी आपण ठेवलेली नाही.