बुरुजावरचा तोफखाना: गुलबर्गा ते बीदर

भारतीय तोफखाना आपला वर्धापनदिन 28 सप्टेंबरला पाळतो, कारण 1827 साली त्या दिवशी मुंबईच्या फौजेत पाचवी माउंटन बॅटरी उभी राहिली. पलटणीचे दप्तर असले की तिच्या सेवेचा इतिहास लिहिता येतो: कोणत्या मोहिमेत किती तोफा होत्या, कोण पडले, कोणाला पदक मिळाले. गुलबर्गा आणि बीदर इथल्या सुलतानी तोफखान्याचे असे दप्तर आपल्या हाती नाही. उरल्या आहेत त्या बुरुजांवरच्या लोखंडी नळ्या, आणि म्हणून त्याचा इतिहास नळीच्या लांबीत सांगायची सवय पडली आहे. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली बारा गजी तोफ सुमारे 29 फुटांची, म्हणून ती जगात सर्वांत लांब, एवढ्यावर गोष्ट संपते. माझे म्हणणे असे की लांबी हे या तोफखान्याचे माप नव्हे. त्याचे कर्तृत्व आणि त्याचे अपयश, दोन्ही तोफेभोवतीच्या व्यवस्थेत शोधले पाहिजे: कारखान्यात, दारूच्या कोठारात, तोफेखालच्या चौथऱ्यात आणि ती चालवणाऱ्या गोलंदाजात.

आरंभापासूनच पाहू. फरिश्ता सांगतो की पहिल्या मुहम्मदशाह बहमनीने 1366 च्या सुमारास विजयनगरवरच्या मोहिमेत तोफांचा कारखाना उभारला, तो सफदरखान सिस्तानीचा मुलगा मुकर्रबखान याच्या हाती दिला आणि त्यात रूमी (तुर्की) व फिरंगी (युरोपीय) माणसे नेमली. यावर इतिहासकारांचा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. फरिश्ता विजापुरात बसून लिहीत होता सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी गुलबर्ग्याच्या चाकरीत फिरंगी गोलंदाज होते, हे मानणे कठीण आहे. आपल्या काळातला तोफखाना त्याने मागच्या काळात बसवला असावा, हे मला पटते. चौदाव्या शतकातली ती आतषबाजी बाण आणि जळत्या दारूची असेल, नळीतून गोळा फेकणारी नसेल. पण हा आक्षेप मान्य केला तरी दारूचे ज्ञान दख्खनेत पोर्तुगिजांच्या आधी पोचले होते, हे उरतेच. 1472 मध्ये बहमनी वजीर महमूद गावानने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तटाखाली सुरुंग खणून दारूने भिंत उडवली. बाबर पानिपतावर तोफा घेऊन उतरला तो यानंतर 54 वर्षांनी.

दुसरा आक्षेप असा घेतात की हे सगळे उसने होते. कसब तुर्कांचे आणि पोर्तुगिजांचे, दख्खनने फक्त पैसे मोजले. नावे पाहिली तर तसे वाटते खरे. मलिक-ए-मैदान ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली ती मुहम्मद बिन हसन रूमी याने. पण ती ओतीव तोफ आहे. बीदरच्या बुरुजांवरच्या मोठ्या नळ्या वेगळ्या आहेत: लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना लावून त्यांवर तापलेली कडी एकामागून एक चढवलेली, पिंपाला पोलादी पट्टे बसवावेत तशी. ठोकून, तापवून, जोडून लोखंडाचे इतके मोठे वस्तुमान घडवणे हे इथल्या लोहाराचे जुने बळ. अल्बुकर्कने गोवा घेतल्यावर तिथल्या कारागिरांच्या बंदुका बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या असल्याचे आपल्या राजाला कळवले होते. शिकवण बाहेरून आली असेल, पण हात इथले होते, आणि या नळ्यांवर त्या हातांची नावे क्वचितच आहेत.

मग या तोफा बुरुजांवर का चढल्या? माझ्या मते उत्तर 1520 च्या रायचूरच्या लढाईत आहे. विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाकडे तोफांची रेलचेल होती. पहिल्या एकत्रित सरबत्तीने त्याने विजयनगरची आघाडी फोडलीही. पण तोफा पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कृष्णदेवरायाची दुसरी फळी अंगावर आली. पोर्तुगीज वृत्तान्तकार नूनिश लिहितो की चारशे मोठ्या तोफा विजेत्यांच्या हाती पडल्या. मैदानात भारी तोफ एकदाच बोलते. तीच तोफ बुरुजावर चढवली, तिला मध्यावर खुंटा देऊन चहूकडे फिरती केली, की भरायला तटाची आड मिळते आणि चढणारा शत्रू टप्प्यात राहतो. सोळाव्या शतकात कल्याणी, नळदुर्ग, बीदर इथे उंच बुरूज आणि गोल चौथरे झाले ते या शहाणपणातून. 1565 च्या तालिकोटच्या लढाईत अहमदनगरच्या चलबी रूमीखानाने 600 तोफा तीन रांगांत मांडून, तांब्याच्या पैशांचा मारा करून मैदान मारले. पण तो अपवाद होता. दख्खनचा तोफखाना किल्ल्यात मुरला.

त्याची परीक्षा 1657 मध्ये झाली. मीर जुमल्याच्या साथीने औरंगजेबाने 2 मार्चला बीदरला वेढा घातला. खडकात खोदलेला तिहेरी खंदक, समोर सिद्दी मर्जान हा अनुभवी किल्लेदार, हाताशी हजार स्वार, चार हजार पायदळ. किल्ला अवघ्या 27 दिवसांत पडला. शेवटच्या हल्ल्यात एक पेटता बाण बुरुजामागच्या दारूच्या साठ्यात पडला; स्फोटात सिद्दी मर्जान आणि त्याचे दोन मुलगे भाजले. औरंगजेबाला त्या किल्ल्यात 230 तोफा मिळाल्या. तोफा कमी नव्हत्या, दारूही कमी नव्हती. ती लढाईच्या टप्प्यात उघड्यावर होती, आणि सेनापती तिच्याजवळ उभा होता. याला दैव म्हणता येईल. ठिणगी कुठेही पडते. पण ठिणगी पडली तरी कोठार उडू नये, अशी रचना करणे हेच तोफखान्याचे काम असते. बीदरच्या मानाने लहान असलेल्या कल्याणीने दिलावर हबशीच्या हाताखाली त्याच उन्हाळ्यात जवळजवळ तीन महिने टिकाव धरला. मोगल सैन्य या मोहिमेत अडकले असताना एप्रिलअखेर शिवाजी महाराजांनी जुन्नर लुटले, हे मराठी वाचकाने त्या तारखांशेजारी मांडून पाहावे.

बीदरच्या तोफा अजून बुरुजांवर आहेत. गेलात तर तोंडाशी उभे राहून छायाचित्र जरूर काढा, पण नंतर बुडाकडे या आणि खालचा गोल चौथरा आणि खुंट्याची जागा पाहा. तिथे उभा राहून जो माणूस ती फिरवत होता, त्याचे नाव कोणत्याही लेखात नाही.